रस्त्याबाहेरची धडक : स्थिर वस्तूवर आदळलेल्या मोटारीतील दुखापती

वाहनतळातील खांब, घराच्या ड्राइव्हवेच्या टोकाची भिंत, खासगी शेतातील झाड अशा ठिकाणी मोटार आदळली, तर ‘गाडी जरा लागली’ एवढ्यावर आपण विषय संपवतो. रस्ता संपला की धोकाही संपला, या समजुतीने अनेकजण वाहनतळात शिरतानाच सीटबेल्ट काढतात. वैद्यकशास्त्र मात्र या घटनांची स्वतंत्र नोंद ठेवते.

वर्गीकरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘व्ही ४७’ हा संकेतांक स्थिर वस्तूवर आदळलेल्या मोटारीतील जखमींसाठी आहे. त्यापुढे ० हा अंक असल्यास जखमी व्यक्ती चालक, १ असल्यास प्रवासी. दोन्हींत घटना सार्वजनिक मार्गाबाहेरची. हीच धडक सार्वजनिक मार्गावर झाली, तर अनुक्रमे ५ आणि ६ हे अंक येतात. अमेरिकेतील रुग्णालये या आवृत्तीचे अमेरिकी रूप १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. महामार्गावरून घसरून कडेच्या झाडावर आदळलेली गाडी ‘मार्गाबाहेर’ गणली जात नाही, कारण तो अपघात मार्गावर सुरू झालेला असतो. संपूर्ण घटना सार्वजनिक मार्गाबाहेर घडलेली असणे आवश्यक आहे. अमेरिकेत प्राणघातक अपघातांची १९७५ पासूनची राष्ट्रीय नोंद सार्वजनिक मार्गांपुरतीच आहे. त्यामुळे खासगी आवारातील मृत्यू रस्ते अपघातांच्या नेहमीच्या आकड्यांत दिसत नाहीत.

आघाताचे गणित

ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारे शरीर एकाएकी थांबणे म्हणजे सुमारे सव्वा मीटर उंचीवरून पडणे. वेग दुप्पट, म्हणजे ३६ किलोमीटर झाला, की ही उंची चौपट, सुमारे पाच मीटर होते. भिंत थोडीही सरकत नाही. खांब अरुंद असल्याने सारा जोर गाडीच्या एका लहान भागावर एकवटतो. ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेल्यास वाहनतळातही हा वेग काही क्षणांत गाठला जातो.

एअरबॅगवर भिस्त ठेवणे येथे चुकीचे ठरते. अमेरिकेत समोरची एअरबॅग सर्वसाधारणपणे कठीण भिंतीवरील ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या धडकेपासून उघडते, आणि बेल्ट लावलेल्या व्यक्तीसाठी ही मर्यादा सुमारे २६ किलोमीटर असते. त्याखालील वेगात आधार उरतो तो बेल्टचाच.

दुखापती

बेल्ट नसल्यास डोके काचेवर आणि छाती स्टिअरिंगवर आदळते. उरोस्थी किंवा बरगड्या मोडू शकतात. गुडघा डॅशबोर्डवर आपटल्याने गुडघ्यातील मागचा अस्थिबंध तुटणे, तसेच जोराच्या आघातात खुब्याचा सांधा निखळणे संभवते. मानेला झटका बसून होणारी वेदना पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जाणवते. बेल्टचा कमरेचा भाग पोटावर सरकलेला असेल, तर आतडी आणि कमरेचे मणके यांना इजा होऊ शकते. पोटावर उमटलेला पट्ट्याचा वळ म्हणूनच दुर्लक्षू नये.

विशेष दक्षता

भारतातून आलेल्या ज्येष्ठ आई-वडिलांपैकी कोणी रक्त पातळ करणारे औषध घेत असल्यास, डोक्याला किरकोळ मार लागला तरी तातडीने तपासणी करावी. अशा व्यक्तींत कवटीच्या आतील रक्तस्राव उशिरा लक्षात येऊ शकतो. गर्भवतीने बेल्टचा खालचा पट्टा पोटाखाली, मांड्यांलगत ठेवावा. वरवर सौम्य धडकेनंतरही वार गर्भाशयापासून सुटण्याची शक्यता असल्याने वैद्यकीय तपासणी टाळू नये. तेरा वर्षांखालील मुलांना मागच्या आसनावरच बसवावे. चालकाने छाती आणि स्टिअरिंग यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर राखावे.

रुग्णालयात गेल्यावर घटना नेमकी कोठे घडली, गाडी कशावर आदळली, जखमी व्यक्ती कोणत्या आसनावर होती आणि बेल्ट लावलेला होता का, हे स्पष्ट सांगावे. संकेतांक त्यावरून ठरतोच. शिवाय कोणत्या अवयवांची इजा शोधायची, हेही डॉक्टरांना त्यावरून उमगते.

गाडी जागेवर उभी करून इंजिन बंद केल्यानंतरच बेल्ट सोडावा. तोवर प्रवास संपलेला नसतो.