एंटेबेची विषाणू संशोधन संस्था

युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असलेल्या एंटेबे येथे 1936 साली रॉकफेलर फाउंडेशनने पीतज्वर संशोधन संस्था सुरू केली. पीतज्वर जंगलात कसा टिकून राहतो, हा मूळ प्रश्न होता. शोध मात्र त्याच्या पलीकडे गेला. 1937 मध्ये वेस्ट नाइल जिल्ह्यातील तापाने आजारी असलेल्या एका स्त्रीच्या रक्तात नवा विषाणू मिळाला. त्याला जिल्ह्याचेच नाव पडले.

पीतज्वराचा माग काढण्यासाठी एंटेबेजवळच्या झिका जंगलात झाडांवरच्या मचाणांवर ऱ्हीसस माकडे पिंजऱ्यात ठेवली जात. डासांनी त्यांना चावावे, ताप आला की रक्त तपासावे, अशी ही रीत. पद्धत साधी, पण चिकाटीची कसोटी पाहणारी. एप्रिल 1947 मध्ये 766 क्रमांकाच्या माकडाला ताप आला आणि झिका विषाणू हाती लागला. पुढच्याच वर्षी तो त्याच जंगलातील एडिस आफ्रिकानस डासांतही सापडला. माणसांत तेव्हा साथ नव्हती, त्यामुळे या शोधाचे मोल जगाला बऱ्याच उशिरा कळले. ब्राझीलमधील 2015 च्या साथीत गर्भावरचे त्याचे दुष्परिणाम दिसले, तेव्हा संशोधकांना एंटेबेच्या जुन्या नोंदींकडे वळावे लागले.

1950 मध्ये संस्थेचे नाव पूर्व आफ्रिका विषाणू संशोधन संस्था झाले आणि 1977 पासून ती युगांडाची राष्ट्रीय संस्था आहे. रॉकफेलर फाउंडेशनच्याच सहभागातून 1952 साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. त्या अर्थाने पुण्याची संस्था एंटेबेची धाकटी बहीण ठरते. महाराष्ट्रातील पहिला झिका रुग्ण 2021 मध्ये पुणे जिल्ह्यातील बेलसर गावात आढळला.