जय विलास राजवाडा (जव्हार)

जय विलास राजवाडा हा महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार येथील मुकणे राजघराण्याचा राजवाडा आहे. तो जय विलास पॅलेस किंवा राजबारी या नावांनीही ओळखला जातो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जव्हार संस्थानचे अखेरचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे यांनी तो बांधला. ग्वाल्हेर येथील शिंदे घराण्याचा याच नावाचा राजवाडा ही वेगळी वास्तू आहे.

पार्श्वभूमी

जव्हारचे राजे महादेव कोळी समाजाचे होते. घराण्याचे नाव इगतपुरी परिसरातील मुकणे या गावाशी जोडले जाते. मूळ पुरुष जयाबा यांनी वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली आणि त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा प्रदेश वेढला, अशी आख्यायिका आहे. घराण्याच्या परंपरेनुसार १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने जयाबांचे पुत्र नेमशाह यांना राजा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून राजांच्या नावापुढे 'शाह' हा किताब लावला जाऊ लागला. सुरतेच्या १६६४ मधील स्वारीच्या वाटेवर छत्रपती शिवाजी महाराज जव्हारजवळील शिरपामाळ येथे थांबले आणि राजे विक्रमशाह यांनी तेथे त्यांचे स्वागत केले, अशीही परंपरा सांगितली जाते.

ब्रिटिश काळात संस्थानचे क्षेत्रफळ सुमारे ३१० चौरस मैल (सुमारे ८०३ चौरस किलोमीटर) होते. १९०१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ४७,५३८ होती. संस्थानला नऊ तोफांच्या सलामीचा मान होता.

यशवंतराव मुकणे

यशवंतराव यांचा जन्म १९१७ मध्ये झाला. १९२७ मध्ये ते पाचवे पतंगशाह म्हणून गादीवर आले, तेव्हा ते अल्पवयीन होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्याचा भाग बनले. पुढे १९६२ मध्ये भिवंडी आणि १९६७ मध्ये अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या डहाणू मतदारसंघातून ते लोकसभेवर निवडून गेले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले.

वास्तुरचना

राजवाडा जव्हार शहरालगतच्या टेकडीवर, झाडीने वेढलेल्या विस्तृत आवारात उभा आहे. बांधकामात गुलाबी छटेचा दगड वापरलेला असून रचनेत पाश्चात्त्य व भारतीय शैलींचा मेळ दिसतो. शहरातील जुना राजवाडा ही स्वतंत्र आणि अधिक जुनी वास्तू आहे.

सामाजिक संदर्भ

जव्हार आणि लगतचा मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके आहेत. येथे वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी समाजांची वस्ती असून मुखवटे धारण करून साजरा होणारा बोहाडा हा येथील प्रसिद्ध उत्सव आहे. भारतातील बहुतेक राजवाडे आदिवासींच्या प्रदेशापासून दूर किंवा बिगर-आदिवासी सत्तेची प्रतीके म्हणून उभे राहिले. जव्हारचा राजवाडा मात्र आदिवासी राजघराण्यानेच उभारला. तथापि, राजघराण्याच्या वैभवामुळे प्रदेशाचे दारिद्र्य दूर झाले नाही. पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडूनही डोंगरउतारामुळे पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टंचाई भासते. शेती मुख्यतः पावसावर अवलंबून असल्याने अनेक कुटुंबे हंगामी स्थलांतर करतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे कुपोषणामुळे झालेल्या बालमृत्यूंनी देशाचे लक्ष या भागाकडे वेधले.

सद्यस्थिती

२६ व्या घटनादुरुस्तीने १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्यामुळे देशभरातील राजवाड्यांच्या देखभालीचा भार त्यांच्या मालकांवर आला. जय विलास राजवाडा मुकणे कुटुंबाच्या खासगी मालकीचा आहे. तो पर्यटकांचे आकर्षण असून येथे चित्रपटांचे चित्रीकरणही होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून जव्हार पालघर जिल्ह्यात आहे.

हेही पाहा

जव्हार संस्थान
भूपतगड
दाभोसा धबधबा
बोहाडा