रानाचे परवाने आणि मुदतीचा न्याय

ओरोसच्या जिल्हा कचेरीच्या वाटेवर कागदांची पिशवी काखेंत धरून चाललेले शेतकरी मी अनेक वर्षें पाहत आलों आहें. शाळेंतून निवृत्त झाल्यावर त्यांपैकीं कांहींचे अर्ज मींच लिहून दिले. एका शेजाऱ्याचा फणस घराच्या कौलांवर कलला होता. तो तोडण्यासाठीं एका कचेरींत अर्ज केला. पंचनामा झाला, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मृगाच्या वाऱ्यांत फणस घरावर पडला, आणि परवानगी त्यानंतर हातीं आली. दैवानें माणसें वांचलीं. तेव्हांपासून एक प्रश्न माझ्या मनांत घर करून आहे : कायद्यानें मुदत घालावी, ती कोणास?

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. १८७८ च्या वन कायद्यानें राखीव रानाची पद्धत दृढ केली. त्यावर लोकांचीं गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं, कीं १८८५ सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील रानांविषयीं मुंबई सरकारास चौकशी-मंडळ नेमावें लागलें. पुढें १९२७ चा कायदा आला. तो आजही चालू आहे. रान राखीव करावयाचें ठरलें, म्हणजे जाहीरनामा निघतो आणि रयतेनें ठराविक मुदतींत आपला हक्क मांडावयाचा असतो. ही मुदत तीन महिन्यांहून कमी नसावी, एवढेंच बंधन. निवाड्यावर अपील करण्यासही तीन महिने. मुदत चुकली, कीं हक्क बुडण्याची भीति. परंतु वन जमाबंदी अधिकाऱ्यानें निवाडा किती दिवसांत द्यावा, याविषयीं मूळ कायदा मौन धरतो. घड्याळ रयतेच्या हातीं बांधलें. कचेरीच्या भिंतीवर तें टांगलेंच नाहीं.

आपल्या किनाऱ्याकडील तालुक्यांत सरकारी रान थोडें. झाडी बहुधा खासगी मालकीची. म्हणून येथील माणसास परवान्याची गांठ वारंवार पडते. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानें आंबा, फणस, ऐन, किंजळ अशीं झाडें स्वतःच्या जमिनींतील असलीं तरी तोडण्यास परवानगी आवश्यक केली. लांकूड वाहून नेण्यास पास निराळा. १९७५ सालीं खासगी वनें संपादन करण्याचा अधिनियम झाला, आणि ३० ऑगस्ट १९७५ पासून अशीं रानें सरकारजमा झालीं.

नुसत्या एका नोटिशीवरून जमीन 'खासगी वन' ठरते काय, हा वाद मुंबईच्या उपनगरांतील जमिनींवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोटिसा १९५६-५७ च्या सुमाराच्या. निकाल जानेवारी २०१४ चा. जी नोटीस मालकास रीतसर बजावलीच नाहीं, किंवा जी दशकानुदशकें तशीच पडून राहिली, तिच्या आधारें जमीन घेतां येणार नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. न्याय मिळाला, पण मधल्या काळांत किती कुटुंबांचीं घरें टांगणीवर राहिलीं!

याचा अर्थ परवाना नकोच, असा कोणी घेऊं नये. सह्याद्रीची झाडी गेली, तर आपल्या विहिरी आटतील. डिसेंबर १९९६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक केला. २०१३ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यांतील वृक्षतोडीस बंदी केली. हे निर्बंध रानाच्या हिताचे आहेत. मात्र विलंब म्हणजे रक्षण नव्हे. ज्याच्यापाशीं पैसा आणि वकील आहे, तो वाट पाहूं शकतो. गरीब मनुष्य एक तर झाड चोरून तोडतो, नाहीं तर नुकसान सोसतो. पहिल्यानें रानाची हानि, दुसऱ्यानें माणसाची.

वाट सांपडण्याजोगी आहे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें, अधिसूचित सेवांपुरती का होईना, अधिकाऱ्यासच मुदत घातली. ती विनाकारण चुकविल्यास ५०० ते ५००० रुपयांचा दंड ठेवला. हेंच तत्त्व रानाच्या प्रत्येक परवान्यास व अपिलास लागूं व्हावें. अर्जाची तारीखवार पोंच मिळावी. नकार दिल्यास कारण लेखी असावें. अपिलाच्या निकालासही दिवसांची मर्यादा असावी. आणि घरावर कललेल्या झाडाची पाहणी पावसापूर्वीं व्हावी. एवढें झालें, तर माझ्या शेजाऱ्यासारख्या मनुष्यास मृगाची धास्ती घेऊन कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहींत.