काळ्या पट्ट्यावरची पांढरी रेघ



शाळेत स्वसंरक्षणाचं शिबिर झालं की शेवटच्या दिवशी मुलींच्या कमरेला पिवळा पट्टा बांधतात, फोटो काढतात. पोरगी घरी येते, पट्टा खुंटीला अडकवते. आई विचारते, "आता पुढचा कोणता गं?" की झालं! नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी, काळा, सगळी यादी धडाधड पाठ. हे पट्टे आले कुठून, कुणी ठरवले, आणि कुणाला मिळाले नाहीत, ते आज सांगते. जपानची गोष्ट आहे. तिच्यात एका बाईला एकाच पायरीवर एकोणीस वर्षं उभं करून ठेवलेलं आहे.

सुरुवात आयकिडोपासून करू. आयकिडो म्हणजे मोरिहेई उएशिबा यांनी घडवलेली जपानी युद्धकला. उएशिबांचा जन्म १८८३चा, मृत्यू १९६९चा. समोरच्यानं मनगट धरलं किंवा डोक्यावर वार केला, तर ताकदीला ताकद न लावता बाजूला वळायचं, त्याच्याच जोराला दिशा द्यायची आणि त्याला खाली घ्यायचं, असं हे तंत्र. ती शिकायची जागा म्हणजे डोजो. हा शब्द ऐकायला परका, पण त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. गौतम बुद्धांना ज्या जागी ज्ञान झालं तिला संस्कृतात बोधिमंड म्हणतात. चिनी भिक्षूंनी त्याचं भाषांतर 'मार्गाची जागा' असं केलं. तेच जपानीत डोजो झालं, आधी मठातल्या साधनेच्या खोलीला आणि मग कुस्ती-तलवारीच्या तालमीला.

गावोगावचे डोजो काही देवळासारखे सजलेले नसतात. बहुतेक ठिकाणी शाळेचा नाहीतर नगरपालिकेचा हॉल भाड्यानं घेतलेला असतो. आल्यावर आधी झाडू मारायचा, गाद्या अंथरायच्या, जाताना पुन्हा रचून ठेवायच्या. झाडू मारण्यातून काळ्या पट्ट्याचीही सुटका नाही. आपल्या तालमीतही आखाड्याची माती खणणं पैलवानाच्या शिक्षणातच धरतात, तसंच हे.

मग गुडघे मोडून ओळीत बसायचं, नमस्कार करायचा आणि पहिली गोष्ट शिकायची ती पडण्याची. पुढे गोल कोलांटी घेऊन, मागे पाठ गोल करून, लागू न देता पडायचं. कित्येक आठवडे नुसतं हेच. मला विचाराल तर सगळ्या विद्येत रोजच्या उपयोगाची हीच. शेवाळलेल्या घाटावर किंवा ओल्या फरशीवर पाय घसरतो तेव्हा कोणी हल्लेखोर समोर नसतो.

त्यानंतर जोड्या. शिक्षक एक डाव करून दाखवतात. जोडीतला एक हल्ला करतो, दुसरा डाव करतो, दोनदा उजवीकडून, दोनदा डावीकडून. मग अदलाबदल. कालच आलेल्या बाईसमोर वीस वर्षांचा जुना माणूसही चार वेळा पडतो आणि पुन्हा उठून उभा राहतो. आयकिडोत बहुतेक ठिकाणी सामने नसतात, त्यामुळे हार-जीत नाही, पदक नाही. मग कोण किती शिकलं ते कळायचं कसं? त्यासाठी परीक्षा आणि पायऱ्या.

या पायऱ्यांचा हिशेब सुरुवातीला उलटा वाटतो. नवशिक्यांच्या इयत्तांना 'क्यू' म्हणतात आणि त्या उतरत्या क्रमानं मोजतात: पाचवी, चौथी, तिसरी, दुसरी, पहिली. पहिली क्यू पार केली की 'डान' सुरू होतात आणि ते चढत्या क्रमानं जातात. पहिल्या डानला काळा पट्टा. टोक्योतल्या आयकिकाई या मूळ संस्थेच्या नियमांत प्रत्येक पायरीआधी सरावाचे किमान दिवस ठरवून दिलेत. पाचव्या क्यूला ३० दिवस, चौथीला ४०, तिसरीला ५०, दुसरीला ५०, पहिलीला ६०, आणि मग काळ्या पट्ट्याला ७०. बेरीज करा, बरोबर ३०० भरते. आठवड्याला दोन तास लागले तर वर्षाला शंभरेक दिवस होतात, म्हणजे तीन वर्षं. हे झालं कमीत कमी. बरेच शिक्षक याहून जास्त थांबवतात. दिवस मोजायला हजेरीची वही असते, आपल्या बचत गटाच्या वहीसारखीच. आणि वहीत दिवस भरले म्हणजे पट्टा मिळाला असं नाही, फक्त परीक्षेला बसायचा हक्क मिळाला.

परीक्षा सगळ्यांच्या समोर होते. परीक्षक डावाचं जपानी नाव पुकारतात आणि आपण तो जोडीदारावर करून दाखवायचा. पाठांतर नाही, पळवाटही नाही. नाव ऐकून क्षणभर थबकलात तरी सगळ्या हॉलला दिसतं.

'काळा पट्टा म्हणजे सगळं आलं' हा समज मात्र खोटा आहे. पहिल्या डानला जपानीत 'शोदान' म्हणतात, त्याचा अर्थच सुरुवातीची पायरी. आणखी एक गोष्ट सर्रास सांगतात, की पूर्वी एकच पांढरा पट्टा असायचा आणि वर्षानुवर्षांच्या घामानं, मातीनं तो काळा पडायचा. छान आहे, पण खरी नाही. काळा पट्टा एका माणसानं ठरवून आणला.

त्या माणसाचं नाव जिगोरो कानो, ज्युदोचे जनक. त्यांच्या आधी जपानी युद्धकलांत पट्टे नव्हते, गुंडाळ्या होत्या. गुरू प्रसन्न झाला की शिष्याला डावांची नावं लिहिलेला कागद गुंडाळी करून द्यायचा. पुढची गुंडाळी कधी, हे गुरूच्या मनावर. शेवटची परवानगी एखाद्यालाच. प्रत्येक गुंडाळीला दक्षिणा लागायची. उएशिबा ज्यांच्याकडे शिकले त्या ताकेदा सोकाकु यांच्याकडे शिष्यांची नोंदवही वेगळी आणि दक्षिणेची वेगळी असे. आज परीक्षेच्या फीवरून क्लबात कुरबुर होते तेव्हा हे आठवावं. फी काही आजची नाही, फक्त आता ती फलकावर लिहिलेली असते.

कानोंनी १८८२ साली टोक्योतल्या एका बौद्ध मंदिरात बारा चटयांच्या जागेत कोडोकान ही शाळा काढली. दुसऱ्या वर्षी दोन शिष्यांना पहिला डान दिला. 'डान' ही कल्पना 'गो' नावाच्या पटावरच्या खेळातून घेतलेली. त्या खेळात सतराव्या शतकापासून खेळाडूंच्या अशा पायऱ्या होत्या. १८८६च्या सुमाराला डानवाल्यांनी काळा पट्टा बांधायची चाल पडली. कानो शिक्षक होते, पुढे शिक्षकांना घडवणाऱ्या विद्यालयाचे प्रमुख झाले. गुंडाळीच्या जागी त्यांनी इयत्ता आणल्या. विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत, पुढे काय आहे, ते दिसायला लागलं. मधले रंगीत पट्टे नंतरचे, १९२० ते १९३०च्या दशकांतले, आणि तेही युरोपातले. आयकिडोत तर आजही कितीतरी डोजोंत दोनच रंग दिसतात, पांढरा आणि काळा.

कानो १९३० साली उएशिबांचं काम पाहायला गेले. ते इतके प्रभावित झाले की आपले चांगले विद्यार्थी त्यांनी उएशिबांकडे शिकायला पाठवले. उएशिबांची घडण जुन्या गुंडाळीच्या पद्धतीतली, पण पुढे आयकिडोनं कानोंच्याच क्यू-डान पायऱ्या घेतल्या. उएशिबांच्या टोक्योतल्या डोजोत १९३३पासून ताकाको कुनिगोशी नावाची चित्रकलेची विद्यार्थिनी सराव करायची. त्या काळच्या त्यांच्या डावांच्या पुस्तकातली चित्रं तिनं काढली.

आता बायकांचं काय? कानोंनी १८९३पासून स्त्रियांना शिकवलं आणि १९२६ साली कोडोकानमध्ये त्यांचा वेगळा विभाग काढला. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण वेगळा विभाग म्हणजे नियमही वेगळे. स्त्रियांना सामने नाहीत. काळा पट्टा मिळाला तर त्याच्या मधोमध लांब पांढरी रेघ, म्हणजे बघणाऱ्याला लांबूनच कळावं की हा बाईचा काळा आहे. आणि पाचव्या डानच्या वर स्त्रीला पायरीच नाही.

केइको फुकुदा ही या विभागातली विद्यार्थिनी. जन्म १९१३. कानोंना तरुणपणी जुजुत्सु शिकवणारे गुरू हाचिनोसुके फुकुदा हे तिचे आजोबा. त्या नात्यामुळे कानोंनी स्वतः तिला शिकायला बोलावलं. उंची पाच फुटांच्या आत, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. लग्नाचं ठरवायची वेळ आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, लग्न केलं तर ज्युदो सोडावं लागणार. तिनं लग्न सोडलं. १९५३ साली तिला पाचवा डान मिळाला. त्यापुढे दार बंद.

दार बंद होतं म्हणून ती बसून राहिली नाही. १९६४च्या टोक्यो ऑलिंपिकमध्ये तिनं ज्युदोचं प्रात्यक्षिक दाखवलं. १९६६मध्ये अमेरिकेला गेली, सान फ्रान्सिस्कोत बायकांसाठी वर्ग काढला, आधी स्वतःच्या घरातच. तिच्यापेक्षा कमी वर्षं शिकलेले पुरुष सहावा, सातवा डान घेऊन पुढे गेले. ती शिकवत राहिली, पट्टा तोच. अखेर अमेरिकेतून कोडोकानकडे मागण्या गेल्या, आणि १९७२ साली तिला सहावा डान मिळाला. तिच्याबरोबर मासाको नोरितोमी यांनाही.

तिकडे न्यूयॉर्कमध्ये रस्टी कानोकोगी नावाची बाई वेगळ्या वाटेनं भांडत होती. १९५९मध्ये राज्याच्या एका स्पर्धेत तिच्या संघातला पुरुष जखमी झाला, म्हणून ही केस कापून, छाती बांधून पुरुषांत उतरली आणि जिंकली. आयोजकांनी विचारलं, "तू बाई आहेस का?" तिनं खरं सांगितलं, पदक परत द्यावं लागलं. स्त्रियांची पहिली जागतिक ज्युदो स्पर्धा १९८० साली न्यूयॉर्कला झाली, ती भरवण्यासाठी तिनं घर गहाण टाकलं होतं. घर गहाण टाकणं म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. १९९२ला बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना ज्युदोची पदकं मिळू लागली. रस्टीचं पदक तिला परत मिळालं २००९ साली, पन्नास वर्षांनी. त्याच वर्षी ती वारली.

आयकिडोत पट्ट्यावर रेघ नाही, स्त्री-पुरुष एकाच गादीवर, एकच परीक्षा. पण पोशाखात एक फरक अनेक क्लबांत अजून आहे. काळ्या पट्ट्याला मिळणारा हाकामा, म्हणजे घेरदार पायघोळ, पुरुषांना पहिल्या डानला मिळतो आणि बायकांना तिसऱ्या क्यूपासूनच. कारण सांगतात मर्यादेचं. काही बायकांना तो मान वाटतो. काहीजणी म्हणतात, आम्हालाही तो परीक्षा देऊनच हवा. मी या दुसऱ्या बायकांच्या बाजूची.

केइको फुकुदा यांना २००६ साली कोडोकाननं नववा डान दिला, तेव्हा त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. २०११मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं त्यांना दहावा, म्हणजे सगळ्यात वरचा डान दिला. नव्वदी ओलांडल्यावरही त्या आपल्या वर्गात खुर्चीवर बसून मुलींचे डाव दुरुस्त करायच्या. २०१३च्या फेब्रुवारीत त्या गेल्या, नव्व्याण्णव वर्षांच्या होऊन. कोडोकानच्या कागदावर शेवटपर्यंत नववाच राहिला.