वसतिगृहात छंद जपता येतो का? भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांसाठी खोली, भत्ता आणि गेटच्या वेळेचं गणित

दिवाळी झाली, धान कापून झालं की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. रात्री दंडार होते, नाहीतर वडशाहून आलेल्या कंपनीचं झाडीपट्टीचं नाटक. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजची पोरं गावी असतात म्हणून मंडई चुकत नाही. पण नाटकांचा हंगाम पुढे होळीपर्यंत सुरू राहतो, आणि तोपर्यंत ही पोरं परत वसतिगृहात गेलेली असतात. तिथे संध्याकाळी हजेरी लागते आणि ठरलेल्या वेळी गेट बंद होतं.

वसतिगृह म्हटलं की बोलणं प्रवेश, गुणवत्ता यादी आणि जेवणाचा दर्जा यावर येऊन थांबतं. विद्यार्थी मात्र कॉलेजात दिवसाचे पाच-सहा तासच असतो. उरलेल्या वेळात त्याला गाता येतं का, कॅरम खेळता येतो का, नाटकाच्या तालमीला जाता येतं का, हे त्याच्या स्वभावापेक्षा वसतिगृह कसं चालवलं जातं यावर जास्त ठरतं.

भंडाऱ्याच्या मुलांना वसतिगृह लागतंच का?

भंडारा, मोहाडी, तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे जिल्ह्यात सात तालुके आहेत. जिल्ह्याला स्वतःचं विद्यापीठ नाही. इथली महाविद्यालयं १९२३ साली सुरू झालेल्या नागपूर विद्यापीठाशी, म्हणजे आजच्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. पदवीपर्यंतचं शिक्षण तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकतं. पदव्युत्तर विभाग, मोठी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयं किंवा स्पर्धा परीक्षेचे क्लास हवे असतील, तर नागपूर गाठावं लागतं.

भंडारा शहर ते नागपूर हे अंतर साधारण ६० किलोमीटर आहे. त्यामुळे बरेच जण अप-डाऊन करतात. एसटीच्या विद्यार्थी पासला ६६.६७ टक्के सवलत असल्याने ते परवडतंही. पण लाखांदूर किंवा साकोलीकडच्या आतल्या गावातून रोज नागपूर होत नाही. आणि अप-डाऊन करणाऱ्याची संध्याकाळ बसमध्येच जाते. कॉलेजातला शेवटचा तास संपल्यावर मैदान, वाचनालय, तालीम जे काही सुरू होतं, ते शेवटची गाडी पकडणाऱ्याला मिळत नाही. छंदाच्या बाबतीत वसतिगृहाचा खरा फायदा इथे आहे.

कोणती वसतिगृहं, कोणासाठी?

विद्यापीठाची आणि महाविद्यालयांची स्वतःची वसतिगृहं असतात, पण तिथे जागा मोजक्या. ग्रामीण भागातल्या बहुतेकांचा आधार सरकारी वसतिगृहं हाच असतो. समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहांत बहुतांश जागा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि थोड्या इतर घटकांसाठी असतात. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं वेगळी. त्यासाठी भंडाऱ्यात एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी राज्याने अलीकडे प्रत्येक जिल्ह्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक, प्रत्येकी १०० जणांचं, अशी ७२ वसतिगृहं मंजूर केली. ती बरीचशी भाड्याच्या इमारतींत आहेत.

समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणं, जेवण, अंथरूण-पांघरूण आणि पुस्तकं मोफत मिळतात. वर महिन्याचा निर्वाह भत्ता मिळतो. पूर्वी विभागाच्या ठिकाणी ८०० रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी ६०० आणि तालुक्याला ५०० असा दर ठरलेला होता. मुलींना तेव्हा १०० रुपये जास्त मिळत. मोबाइलचा रिचार्ज, साबण-तेल आणि गावी जायचं तिकीट काढल्यावर यातून बासरी किंवा बॅडमिंटनचं रॅकेट घ्यायला किती उरतं, ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच वसतिगृहातला कॅरम बोर्ड, व्हॉलीबॉलची जाळी आणि वाचनालयातली वर्तमानपत्रं या गोष्टी दिसतात त्यापेक्षा फार महत्त्वाच्या असतात. तिथे खेळायला आणि वाचायला खिशातून काही काढावं लागत नाही.

खोली मिळाली नाही तर?

वसतिगृहात जागा अपुऱ्या पडतात म्हणून सरकारने २०१६-१७ पासून जागेऐवजी पैसे द्यायला सुरुवात केली. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आली. नंतर इतर मागासवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना सुरू झाली, तीत जिल्ह्याला ६०० विद्यार्थी अशी मर्यादा आहे. स्वाधारसाठी विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसावा, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं आणि कॉलेजात ७५ टक्के हजेरी असावी, अशा मुख्य अटी आहेत.

नागपुरात शिकणाऱ्याला स्वाधारमध्ये वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यात भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी हाच आकडा ४३,००० होतो, म्हणजे २५,००० अधिक १२,००० अधिक ६,०००.

दहा महिन्यांच्या सत्राला वाटून पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. नागपुरात खोलीसाठी महिन्याला २,००० रुपये, भंडाऱ्यात १,२००. एवढ्यात स्वतंत्र खोली मिळत नाही, तिघे-चौघे मिळून एक घ्यावी लागते. शिवाय भत्ता हप्त्याने येतो आणि तो उशिरा येतो ही विद्यार्थी संघटनांची जुनी तक्रार आहे. तोपर्यंत खोलीचं भाडं घरून येतं, नाहीतर उसनं.

पैशाच्या हिशोबात न दिसणारा फरक वेगळाच आहे. वसतिगृहात शंभर जण एका छताखाली असतात, त्यात एक तबला वाजवणारा, दोन कबड्डी खेळणारे आणि चार कविता लिहिणारे सापडतातच. भाड्याच्या खोलीत चार जण असतात आणि खाली घरमालक. हार्मोनियम काढली की तो वर येतो. भत्त्यात निवास मोजलाय, भोजन मोजलंय. सामाईक हॉल आणि मैदान मोजलेलं नाही. गावात राहून तबला शिकलेला मुलगा शहरात येऊन तो गादीखाली ठेवून देतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

मेस बंद झाली की संध्याकाळ कुठे जाते?

आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहांबाबत २०१८ मध्ये आणखी एक बदल झाला. मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात टाकायचं ठरलं. हाती पैसा आला की मुलं हवं ते खातील, ठेकेदाराची कटकट संपेल, हा विचार. विद्यार्थ्यांना तो पटला नाही. जुलै २०१८ मध्ये अनेक आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे, जिथे आदिवासी विकास आयुक्तालय आहे, पायी निघाले. मेस परत सुरू करा ही त्यांची मुख्य मागणी होती.

वरवर पाहता हा वाद जेवणाचा वाटतो, पण त्याच्या पोटात वेळेचा प्रश्न आहे. मेस असली की संध्याकाळी ताट घेऊन रांगेत उभं राहायचं आणि जेवून मोकळं व्हायचं. मेस नसली की भाजी आणा, गॅस बघा, पाळीने स्वयंपाक करा, भांडी घासा; नाहीतर डबा लावा आणि तो कधी येतो याची वाट बघा. दिवसातले दीड-दोन तास त्यात जातात. अभ्यासाचे तास कमी करता येत नाहीत, म्हणून कपात होते ती खेळाच्या आणि वाचनाच्या वेळेत.

मुलींचं गेट आधी का बंद होतं?

कॉलेजच्या स्नेहसंमेलनाची तालीम साधारणपणे तास संपल्यावर सुरू होते आणि रंगते ती दिवेलागणीनंतर. खेळाचा सरावही संध्याकाळचाच. अनेक ठिकाणी मुलींच्या वसतिगृहाचं गेट मुलांच्या आधी बंद होतं. त्यामुळे एकांकिकेतली मुलीची भूमिका शहरात घर असलेल्या मुलीला जाते आणि वसतिगृहातली मुलगी प्रेक्षकांत बसते.

याबाबत नियम काय सांगतो, हे फार कमी जणींना माहीत असतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीच्या २०१५ च्या विनियमांत स्पष्ट म्हटलंय की, सुरक्षिततेचं कारण पुढे करून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत. त्याच वर्षी दिल्लीत याच प्रश्नावर ‘पिंजरा तोड’ हे विद्यार्थिनींचं आंदोलन उभं राहिलं. तरी गाव सोडून पहिल्यांदा बाहेर पडलेल्या मुलीच्या आईवडिलांना लवकर बंद होणारं गेटच बरं वाटतं, हेही खरं आहे. अनेक मुलींना शिकायला पाठवलं जातं ते त्याच अटीवर. व्यवहारात चालणारा मार्ग म्हणजे कॉलेजकडून तालमीचं किंवा सरावाचं पत्र घेऊन गृहपालांना आधी द्यायचं आणि परतीच्या वेळेची नोंद ठेवायची.

बोलीची लाज आणि बोलीचा शोध

भंडाऱ्याकडची मुलं नागपुरात आल्यावर आधी पकडली जातात ती बोलण्यावरून. झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो. पाण्याला ‘पानी’, डोळ्याला ‘डोरा’. खोलीतली बाकीची मुलं हसतात आणि महिन्याभरात ती बोली फक्त घरच्या फोनपुरती उरते. उलटही घडतं. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरचे दोघे-तिघे एका मजल्यावर भेटले की आपल्याकडचं नाटक, दंडार, खडी गंमत यांवर बोलायला माणसं मिळतात, आणि गावात रोजची वाटणारी गोष्ट आवडीचा विषय होते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी याच बोलीच्या अभ्यासाला आणि साहित्याला आयुष्य दिलं. झाडीबोलीची स्वतंत्र साहित्य संमेलनंही भरतात, हे अनेकांना वसतिगृहात आल्यावर कळतं.

महाराष्ट्रात वसतिगृहांकडून फक्त झोपण्याच्या जागेची अपेक्षा कधी नव्हतीच. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीला बसवलं. औरंगाबादला १९५० मध्ये सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीसांचं ‘युगयात्रा’ हे नाटक झालं. मुंबईत वडाळ्याचं सिद्धार्थ विहार वसतिगृह १९७२ च्या दलित पँथरच्या कार्यकर्त्यांचा अड्डा होतं. रात्री उशिरापर्यंत चाललेल्या गप्पा आणि हातोहात फिरणारी पुस्तकं यांचा त्या काळच्या लिखाणात मोठा वाटा होता.

छंदाला आता गुणही मिळतात

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या अभ्यासक्रमात सहशालेय विषयांना क्रेडिट आहे. त्यात खेळ, योग, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक उपक्रम, ललित आणि प्रयोगजीवी कला येतात. एनएसएसमध्ये दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर करावं लागतं. नाटक, लोकनृत्य, वक्तृत्व करणाऱ्यांना विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून पुढे राज्यस्तरीय ‘इंद्रधनुष्य’पर्यंत जाता येतं. आपल्या कॉलेजने यातले कोणते पर्याय प्रत्यक्षात ठेवलेत, हे प्रवेशाच्या वेळीच विचारलेलं बरं. यादी लांब असते, चालू असलेले दोन-तीनच असतात.

‘गाणं येतं ना, मग म्हण’ हे रॅगिंग आहे का?

आवड उघड केली की वसतिगृहात कधी कधी तीच अंगाशी येते. सिनिअरनी मध्यरात्री उठवून नाचायला किंवा गायला लावणं, नकला करायला लावणं हे गमतीत मोडत नाही. नव्या विद्यार्थ्याला लाज वाटेल किंवा भीती वाटेल अशी कृती करायला लावणं म्हणजे रॅगिंग. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्यानुसार त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही आहे.

अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधीची गुणपत्रिका आणि कॉलेज प्रवेशाची पावती आधीच काढून ठेवावी. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये ऐन जुलैत गर्दी असते. कॉलेज नागपूरला असेल तर वसतिगृहही तिथलंच निवडायचं असतं, भंडाऱ्याचं नाही. पहिल्या वर्षाच्या अर्जात ही चूक हमखास होते. आणि गृहपालांना भेटाल तेव्हा जेवणाबरोबर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: गेट किती वाजता बंद होतं, सामाईक हॉल आहे की तिथेही कॉट टाकल्यात, आणि वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते.