चार आकडी क्रमांक, ४१७ चिन्हे : सिंधू लिपीच्या एका डेटाबेसची कथा

५ जानेवारी २०२५ रोजी तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी सिंधू लिपीचे वाचन करून दाखविणाऱ्यास दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर केले. बातमी देशभर गाजली. ज्या सामग्रीवर हे वाचन करावयाचे, ती संशोधकांना हाताळता येईल अशा रूपात कोणी आणली, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. या उत्तराचा मोठा भाग इरावतम् महादेवन (१९३०–२०१८) या एका माणसाकडे जातो. ते प्रशासकीय सेवेतील अधिकारी होते. पुराभिलेखशास्त्र हा त्यांचा नोकरीबाहेरचा ध्यास.

१९७० साली जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाल्यावर महादेवन सिंधू लिपीकडे पूर्ण वेळ वळले. लिपी 'उलगडल्याचे' दावे तेव्हाही उदंड होते आणि प्रत्येक दावेदार आपल्याला सोयीच्या दहा-वीस मुद्रा निवडून घेई. १९३४ मध्ये जी. आर. हंटर यांनी हाताने चिन्हसूची केली होती. पण त्यानंतरच्या उत्खननांनी ती अपुरी ठरविली. महादेवन यांनी अर्थ लावण्यापूर्वी मोजणी करण्याचे ठरविले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणकाच्या साहाय्याने त्यांनी सर्व लेखांची सूची सिद्ध केली आणि १९७७ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली.

या कामाची आखणी आजच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावी अशी आहे. नोंद तीन स्तरांवर होते. पहिला स्तर वस्तूचा, म्हणजे मुद्रा, ठसा, ताम्रपट्टिका, खापर. अशा २,९०६ वस्तू. दुसरा ओळीचा, ओळी ३,५७३. तिसरा चिन्हाचा, चिन्हांच्या एकूण नोंदी १३,३७२. ओळ आणि वस्तू वेगळ्या ठेवल्यामुळे एका वस्तूवर कितीही ओळी आल्या तरी रचना मोडत नाही. लेखासोबत वस्तूचा प्रकार, त्यावरील प्राण्याचे चित्र आणि लेखनाची दिशा हेही संकेतांकाने नोंदले आहे. त्यामुळे 'एकशिंगी प्राण्याच्या मुद्रांवर कोणते चिन्ह अधिक येते?' हा प्रश्न आखणीच्या वेळी कोणाच्या मनात नसला, तरी पुढे विचारता येतो.

सर्वांत दूरदर्शी निर्णय संशयाच्या नोंदीचा होता. झिजलेले, तुटलेले, नीट न दिसणारे चिन्ह अंदाजाने भरून टाकण्याऐवजी ते तसे असल्याची खूण पाठातच केली गेली. त्याचे मोल तीन दशकांनी कळले. टाटा संस्थेतील निशा यादव, मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खुणांच्या आधारे खराब व द्विरुक्त लेख गाळून १,५४८ लेखांचा स्वच्छ संच काढला. २००९ मध्ये राजेश राव, यादव, वाहिया, रणजय अधिकारी, महादेवन प्रभृतींनी 'सायन्स'मध्ये निबंध प्रसिद्ध केला तो याच विदेच्या बळावर. एक चिन्ह ठाऊक असता पुढच्या चिन्हाविषयी किती अनिश्चितता उरते, हे त्यांनी मोजले. ती अनिश्चितता पूर्ण यादृच्छिक आणि पूर्ण ताठर क्रमांच्या मधोमध, नैसर्गिक भाषांच्या जवळ आढळली. एवढ्याने भाषा सिद्ध होते काय, यावर वाद झडला. फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल यांनी २००४ मध्येच ही लिपी नव्हे असे प्रतिपादिले होते. लेखांचा आखूडपणा हा त्यांच्या हातातला भक्कम मुद्दा; वरच्या आकड्यांचा भागाकार केला तरी एका वस्तूवर सरासरी जेमतेम ४.६ चिन्हे येतात.

या रचनेत दोष नव्हते असे नाही. लेखाला चार आकडी क्रमांक दिला आणि त्याच्या पहिल्या आकड्यातच स्थळ गुंफले : मोहेंजोदडोला १ ते ३, हडप्पाला ४ व ५, चान्हूदडोला ६, लोथलला ७, कालीबंगनला ८ आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून ९. त्या काळी ही सोय होती. पुढे धोलावीरा उत्खनित झाले, तेथे दहा मोठ्या चिन्हांचा प्रसिद्ध फलक मिळाला. पण एवढ्या महत्त्वाच्या नगरासाठी स्वतंत्र आकडाच उरला नव्हता. ओळखक्रमांकात अर्थ भरला की असे होते. स्थळासाठी वेगळा रकाना असता, तर नव्या नगरासाठी एक ओळ वाढवून भागले असते.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ४१७ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. कोणती रूपे एकाच चिन्हाची मानायची, या निर्णयाचे ते फलित आहे. महादेवन यांनी रूपभेदांची स्वतंत्र यादी दिली, पण पाठ मुख्य चिन्हाच्या क्रमांकानेच साठविले. ब्रायन वेल्स यांच्या यादीत चिन्हसंख्या सहाशेच्या वर जाते. ज्याला वेल्स यांच्या रीतीने विभागणी करायची आहे, त्याला पुन्हा छायाचित्रांकडेच जावे लागते.

तरीही क्रमांक ३४२, म्हणजे घटासारखे चिन्ह, एकूण नोंदींपैकी सुमारे दहावा हिस्सा व्यापते आणि बहुधा लेखाच्या अखेरीस येते, ही गोष्ट विभागणी कशीही केली तरी फारशी ढळत नाही. चेन्नईच्या रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालयातील सिंधू संशोधन केंद्राने महादेवन यांची ही सूची आता संगणकावर शोधण्याजोगी करून सर्वांना खुली केली आहे.