"निघालोच" म्हणजे नक्की काय?

मित्राला फोन केला, "कुठे आहेस?" की तिकडून उत्तर येतं, "अरे, निघालोच!" आता निघालोच म्हणजे तो बाइकवर बसलाय, बूट घालतोय की अंघोळीला चाललाय, ते त्यालाच ठाऊक. आपलं काही फारसं बिघडत नाही, पहिला कटिंग एकट्याने प्यावा लागतो इतकंच. पण २७ मार्च १९७७ रोजी असंच एक "निघालोच" विमानाच्या रेडिओवर बोललं गेलं आणि ५८३ माणसं गेली.

जागा होती स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्ब फुटला, म्हणून तिकडची विमानं टेनेरिफच्या छोट्या लॉस रोडिओस विमानतळावर वळवली गेली. त्यात दोन जंबो जेट होती, एक डच केएलएमचं आणि एक अमेरिकन पॅन ॲमचं. विमानांची इतकी गर्दी झाली, की टॅक्सीवेच अडला. मग दोन्ही जंबोंना एकुलत्या एका धावपट्टीवरूनच पुढे जायला सांगितलं. केएलएम टोकाला जाऊन वळून उभं राहिलं, मागून पॅन ॲम त्याच पट्टीवरून येत होतं. त्यात दाट धुकं. टॉवरला विमानं दिसत नव्हती, विमानांना एकमेकं दिसत नव्हती आणि जमिनीवरचा रडारही नव्हता. म्हणजे सगळा भरवसा फक्त रेडिओवर!

आता या रेडिओची गंमत बघा. तो फोनसारखा नाही. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं आणि सगळ्यांची फ्रिक्वेन्सी एकच. तुम्ही बोलत असताना तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. दोघं एकदम बोलले तर तिसऱ्याला एक कर्कश शिट्टी ऐकू येते. नेटवर्किंगवाल्यांना कळेलच, कोलिजन! फरक एवढाच, की इथे पॅकेट हरवलं हे पाठवणाऱ्याला कळतच नाही, त्यामुळे ते पुन्हा पाठवायचं त्याला सुचणार कसं?

केएलएमचे कॅप्टन व्हान झांटेन हे कंपनीतले अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, जंबोच्या वैमानिकांना प्रशिक्षण देणारे. त्यांनी इंजिनाचा जोर वाढवायला घेतला तेव्हा सहवैमानिकाने थांबवलं, अजून परवानगी नाही म्हणून. मग टॉवरने सांगितला उड्डाणानंतरचा मार्ग. तो मार्ग होता, उड्डाणाची परवानगी नव्हे. पण त्या वाक्यातच "टेकऑफ" हा शब्द होता! सहवैमानिकाने मार्ग परत वाचून दाखवला आणि शेवटी जोडलं, "वुई आर नाऊ ॲट टेकऑफ." तोवर कॅप्टनने विमान पुढे काढलंसुद्धा.

टॉवरला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी तयार उभं आहे. खरं तर ते धावत होतं. टॉवर म्हणाला, "ओके", आणि जरा थांबून, "थांबा, मी सांगतो." नेमकं त्याच क्षणी पॅन ॲमने घाईघाईने कळवलं, की आम्ही अजून पट्टीवरच आहोत. दोन्ही वाक्यं एकमेकांवर आदळली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके" तेवढं स्वच्छ ऐकू आलं आणि पुढे शिट्टी. त्या दोन वाक्यांपैकी कुठलंही एक नीट पोचलं असतं तरी विमान थांबलं असतं.

पुढचा संवाद ऐकून फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, "ते पॅन ॲम अजून पट्टीवरून गेलं नाही का?" कॅप्टन ठामपणे म्हणाले, "गेलं की!" एवढ्या मोठ्या माणसाला पुन्हा कोण विचारणार? केएलएममधले सगळे २४८ गेले, पॅन ॲममधले ३३५. वाचले फक्त ६१.

मला महत्त्वाची वाटते ती यानंतरची दुरुस्ती. रेडिओ फारसा बदललाच नाही, बदलली ती भाषा. "टेकऑफ" हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी "डिपार्चर" म्हणायचं. नुसतं "ओके" चालणार नाही, महत्त्वाची सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. आपल्या भाषेत, नुसता ॲक नको, पेलोडच परत पाठव. आणि कनिष्ठाने शंका विचारणं हा उद्धटपणा नाही, ते त्याचं कामच आहे, हे वैमानिकांच्या प्रशिक्षणात आलं.

तरी सगळं सुटलं असं नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ जण गेले. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आलं होतं आणि चौकशीत त्या वैमानिकांच्या कच्च्या इंग्रजीवरही बोट ठेवलं गेलं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी इंग्रजीच्या किमान पातळीचे नियम २००८ पासून लागू झाले.

आजही टॉवर आणि विमान यांच्यातलं बोलणं बरंचसं त्याच बटण दाबायच्या रेडिओवर चालतं. त्यामुळे विमानाचा संवाद कधी ऐकलात आणि दोघं तेच तेच आकडे पुन्हा पुन्हा का घोकतायत असं वाटलं, तर हसू नका. त्या घोकंपट्टीची किंमत कुणीतरी आधीच चुकती केलेली आहे.